स्कूटरवरची ‘स्वारी’ : क्लॅक्टन, ईस्टर १९६४

१/ मराठीत ‘स्वारी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, वाहनावर आरूढ होणे. दुसरा, शत्रूच्या मुलखावर चाल करून जाणे. १९६४ च्या ईस्टरला लंडनची काही तरुण मुले पहिल्या अर्थाने समुद्राकाठी गेली. वृत्तपत्रांनी मात्र त्यांची नोंद दुसऱ्या अर्थाने केली. मित्रांबरोबर कमी खर्चात आखलेली सहल इतिहासात ‘आक्रमण’ म्हणून कशी नोंदली जाते, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी वाहनाविषयी. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या इटलीत मोटारगाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. पियाज्जिओ कंपनीने कोर्रादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याकडे स्वस्त दुचाकीचे काम सोपवले. त्याला मोटरसायकली मुळीच आवडत नसत. एप्रिल १९४६ मध्ये त्याच्या ‘व्हेस्पा’चे पेटंट नोंदवले गेले. पुढल्याच वर्षी इन्नोचेंती कंपनीची ‘लॅम्ब्रेटा’ आली.

३/ मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसाने केलेली ही रचना होती, म्हणूनच ती वेगळी ठरली. इंजिन झाकलेले, त्यामुळे कपड्यांना तेलाचे डाग नाहीत. पुढे पत्र्याची ढाल, त्यामुळे चिखल अंगावर उडत नाही. व्हेस्पाचे चाक एकाच बाजूने जोडलेले, म्हणून पंक्चर झाले तर मोटारीच्या चाकासारखे काढून स्टेपनी बसवता येई. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या, खिशात थोडे पैसे असणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे?

४/ १९५१ पासून इंग्लंडमध्ये ब्रिस्टलची डग्लस कंपनी परवान्याखाली व्हेस्पा बनवू लागली. स्कूटरस्वारांचे क्लब निघाले. १९५७ पासून आयल ऑफ मॅन या बेटावर स्कूटरस्वारांचा वार्षिक मेळावाही भरू लागला. हे ध्यानात ठेवावे : स्कूटरींचा तांडा घेऊन समुद्राकाठी जाणे ही १९६४ ची नवलाई नव्हती. ती तोवर एक सभ्य, किंबहुना जराशी कंटाळवाणी मानली जाणारी करमणूक होती.

५/ मग बदलले काय? बदलले ते स्वार. ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेची भरती १९६० च्या अखेरीस थांबली आणि शेवटचा सैनिक १९६३ मध्ये घरी परतला. अठराव्या वर्षी बराकीत जाण्याऐवजी कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करणारी, हाती आठवड्याचा पगार असणारी पहिली पिढी आता रस्त्यावर होती. त्यांतले नीटनेटके सूट शिवून घेणारे, वर लष्करी पार्का चढवणारे, स्कूटरला आरसे आणि दिवे लावणारे तरुण स्वतःला ‘मॉड’ म्हणवीत. कातडी जाकीट घालून मोटरसायकल चालवणारे ते ‘रॉकर’.

६/ आता त्यांच्या सहलीचा हिशेब मांडू. स्कूटर बहुधा हप्त्यांवर घेतलेली. त्या काळी इंग्लंडमध्ये सज्ञानतेचे वय २१ होते. ते १८ वर आले १९७० मध्ये. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हप्त्यांच्या कागदावर वडीलधाऱ्यांची हमी लागे. ज्या गाडीचे पुढे ‘बंडाचे प्रतीक’ म्हणून वर्णन झाले, तिच्या करारावर अनेकदा बापाची सही होती.

७/ पुढची बाब अंतराची. लंडनहून ब्रायटन सुमारे ८५ किलोमीटर; एसेक्सच्या किनाऱ्यावरचे क्लॅक्टन आणि केंटमधले मार्गेट त्याहून थोडे दूर. १२५ ते २०० सीसीच्या टू-स्ट्रोक स्कूटरला हा दोन-तीन तासांचा पल्ला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकी भरायची, एका स्कूटरवर दोघांनी बसायचे, खर्च वाटून घ्यायचा. हॉटेल परवडत नसे. अनेक जण सरळ किनाऱ्यावरच झोपत. सुट्टीही ठरलेली : सोमवारची ‘बँक हॉलिडे’. एवढाच तो आराखडा.

८/ ईस्टरचा रविवार, २९ मार्च १९६४. क्लॅक्टनला त्या दिवशी गेल्या ऐंशी वर्षांतला सर्वांत थंड ईस्टर होता. पाऊस, गार वारा, लहानसे गाव, करमणुकीची साधने तुटपुंजी. काही उपाहारगृहांचे मालक या मुलांना चहाही देत नाहीत, अशी कुजबुज पसरली. कंटाळलेली पोरे पदपथांवर रेंगाळू लागली. धक्काबुक्की झाली, दगड उडाले, काचा फुटल्या, किनाऱ्यावरच्या काही लाकडी खोपटांची मोडतोड झाली. पोलिसांनी शंभरच्या आसपास मुलांना ताब्यात घेतले.

९/ इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे सारे घडले होते. ज्याच्या दुकानाची काच फुटली त्याच्यासाठी ती खरीच फुटली होती, आणि सुट्टीसाठी आलेली वृद्ध मंडळी धास्तावली असतील तर तेही स्वाभाविकच. इतिहासकाराने या मुलांना निरागस ठरवण्याची गरज नाही. प्रश्न इतकाच आहे : जेवढे घडले तेवढेच लिहिले गेले का?

१०/ सोमवारी सकाळी देशभरातील मोठ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर क्लॅक्टन होते. मथळ्यांत ‘दहशत’ होती, ‘आक्रमण’ होते, स्कूटर-टोळ्या होत्या. गावाला जणू वेढा पडला होता आणि शत्रूची फौज दोन चाकांवरून आली होती, असे चित्र वाचकांसमोर उभे राहिले.

११/ या चित्राची तपासणी केली ती स्टॅन्ली कोहेन या तरुण समाजशास्त्रज्ञाने. जन्माने दक्षिण आफ्रिकी असलेले कोहेन तेव्हा लंडनमध्ये पीएच.डी. करीत होते. ते किनाऱ्यांवर स्वतः जाऊन उभे राहिले, मुलांशी, दुकानदारांशी बोलले आणि वृत्तपत्रांची कात्रणे एकेक करून पडताळली. त्यातून १९७२ मध्ये ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ‘मॉरल पॅनिक’, म्हणजे नैतिक घबराट, ही संज्ञा समाजशास्त्रात रुळली ती प्रामुख्याने याच ग्रंथामुळे.

१२/ कोहेन यांच्या हाती काय लागले? एका वृत्तांतात किनाऱ्याजवळचे ‘सर्व’ नृत्यगृह फोडले गेल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात गावात नृत्यगृह एकच होते आणि त्याच्या काही काचा फुटल्या होत्या. वाक्य खोटे म्हणता येत नाही. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, ते मात्र खोटे. अनेकवचनाने केलेली ही करामत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१३/ नुकसानीचा आकडा पाहा. क्लॅक्टनचे एकूण नुकसान सुमारे ५०० पौंड. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्कूटर किंवा मोटरसायकल घेऊन आलेली मुले तिथे अल्पसंख्यच होती. बहुतेक जण रेल्वेने, बसने किंवा वाटेत कुणाची गाडी थांबवून आले होते. मॉड विरुद्ध रॉकर हा भेदही क्लॅक्टनला तितकासा निर्णायक नव्हता. पण रेल्वेच्या तिसऱ्या फलाटावर उतरणाऱ्या मुलांची ‘स्वारी’ होत नाही. त्यासाठी आरसे चमकवीत येणारी स्कूटरच हवी.

१४/ मे महिन्यातील सुट्टीला, १७ आणि १८ तारखेला, ब्रायटन आणि मार्गेट येथे अधिक मोठ्या चकमकी झाल्या. आता मुलांना, पोलिसांना, बातमीदारांना आणि बघ्यांना, सर्वांनाच काय घडणार ते आधीपासून ‘ठाऊक’ होते. दोन गट कोणते हे वृत्तपत्रांनी सांगून ठेवलेच होते. मुलांनीही त्या भूमिका स्वीकारल्या. घबराटीने आपले भाकीत स्वतःच खरे करून दाखवले.

१५/ मार्गेटचे दंडाधिकारी डॉ. जॉर्ज सिम्प्सन यांनी आरोपींना ‘भुशाचे सीझर’ म्हटले आणि ते शब्द देशभर गाजले. एका मुलाला ७५ पौंड दंड झाला. तो म्हणाला, धनादेशाने भरतो. झाले! ही पोरे इतकी माजलेली आहेत की दंडाचीही त्यांना पर्वा नाही, याचा पुरावा म्हणून ती गोष्ट सर्वत्र छापली गेली.

१६/ वस्तुस्थिती काय होती? त्या मुलाजवळ ७५ पौंड नव्हते. बँकेत खातेही नव्हते. त्याने आयुष्यात एकाही धनादेशावर सही केलेली नव्हती. भरलेल्या न्यायालयात मान खाली जाऊ नये म्हणून मारलेली ती फुशारकी होती. मार्गेटच्या आरोपींच्या पाहणीत त्यांची आठवड्याची हाती पडणारी मिळकत सरासरी ११ पौंड निघाली. म्हणजे ७५ पौंड ही जवळजवळ सात आठवड्यांची कमाई. ज्यांना श्रीमंत ठरवले गेले, ती मुले पेट्रोलचे पैसे वाटून घेणारी होती.

१७/ घबराटीचे परिणाम मात्र कागदावर राहत नाहीत. त्याच वर्षी संसदेने मालमत्तेच्या नासधुशीबद्दल दंडाधिकाऱ्यांचे अधिकार वाढवणारा कायदा संमत केला. पुढच्या सुट्ट्यांना किनाऱ्याकडे येणारी तरुण मुले केवळ पोशाखावरून आणि वाहनावरून अडवली जाऊ लागली. सहलीला निघालेला प्रत्येक स्कूटरस्वार आता संशयित होता.

१८/ याच सुमारास हीच स्कूटर महाराष्ट्रात काय करीत होती, हे पाहणे उद्बोधक आहे. मुंबईत ए.पी.आय. कंपनी लॅम्ब्रेटा तयार करीत होती आणि बजाजने पियाज्जिओच्या सहकार्याने व्हेस्पाचे उत्पादन सुरू केले होते. परवाना-पद्धतीमुळे मागणीच्या मानाने गाड्या कमी. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आई, वडील, पुढे उभा राहिलेला मुलगा आणि मांडीवर धाकटी मुलगी, असे चौकोनी कुटुंब तिच्यावर मावत असे. यंत्र तेच. तिकडे ते उनाडपणाची खूण ठरले, इकडे प्रतिष्ठित संसाराची. दोष यंत्रात नव्हता, बघणाऱ्याच्या भीतीत होता.

१९/ काळाने पुढे आणखी एक गंमत केली. १९७९ च्या ‘क्वाड्रोफेनिया’ या चित्रपटाने ब्रायटनच्या त्या चकमकीला दंतकथेचे रूप दिले. ज्या किनाऱ्यांना स्कूटरस्वार नकोसे झाले होते, तिथेच आज त्या आठवणीसाठी पर्यटक येतात. आयल ऑफ वाइट बेटावर ऑगस्टच्या सुट्टीत हजारो स्कूटरस्वार जमतात. त्यांतल्या पुष्कळांचे केस आता पांढरे झालेले असतात.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? ‘दंगल’, ‘हल्ला’, ‘टोळी’ असे शब्द साधनांत आले की तीन आकडे शोधावेत : प्रत्यक्ष किती जण होते, नुकसान किती झाले आणि ज्यांच्यावर ठपका ठेवला त्यांच्या खिशात किती पैसे होते. क्लॅक्टनचा खरा इतिहास मथळ्यांपेक्षा ५००, ७५ आणि ११ या तीन आकड्यांत अधिक सापडतो.

२१/ आणि तुम्हीही मित्रांसोबत स्कूटरवर सहल आखत असाल, तर एक छोटी वही जरूर सोबत ठेवा. कोण आले, कुठून गेलो, पेट्रोल किती लागले, पंक्चर कुठे काढले, रात्री कुठे टेकलो, कुणाचे किती देणे राहिले. १९६४ च्या त्या मुलांच्या अशा वह्या आपल्यापर्यंत पोहोचल्या असत्या, तर त्यांची सहल आपल्याला न्यायालयाच्या आणि वृत्तपत्रांच्या चष्म्यातून पाहावी लागली नसती. आपल्या प्रवासाचा हिशेब आपण लिहिला नाही, तर दुसरा कुणी तरी लिहितो. आणि त्याच्या वहीत सहलीची स्वारी व्हायला वेळ लागत नाही.