भरडणे आणि सडणे : भातगिरणीच्या इतिहासातील दोन क्रियापदे

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधकांच्या नावांवरून लिहिला जातो. भातगिरणीचा इतिहास मात्र क्रियापदांवरून लिहिणे अधिक उद्बोधक ठरावे.

कोकणात घिरटावर भात भरडीत, सुपाने पाखडीत आणि नंतर उखळात मुसळाने तांदूळ सडीत. भरडण्याने तूस सुटते. सडण्याने कोंडा निघतो. भाताच्या वजनात तूस सुमारे २० टक्के, तर कोंडा ८ ते १० टक्के भरतो. कोंडा किती राखावयाचा, हे सडणारीच्या हाती असे. 'असडी तांदूळ' हा शब्द या विवेकाचाच द्योतक होय.

ब्राझीलमधील एव्हारिस्तो एंगेलबर्ग याने १८८० च्या दशकात योजिलेल्या यंत्रात हा भेद लोपला. सच्छिद्र पत्र्याच्या आवरणात कंगोरेदार लोखंडी रूळ फिरतो. त्याच्या घर्षणाने तूस व कोंडा एकाच फेऱ्यात निघून परस्परांत मिसळतात. यंत्र साधे आणि स्वस्त असल्यामुळे ते आशियाभर पसरले.

अतिसडीचा परिणाम जाव्हात दिसून आला. १८९० च्या दशकात आयिकमन याने पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसदृश विकार पाहिला. कोंडा दिल्यावर तो बरा होई. या कार्याबद्दल १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यास मिळाला.

१९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. पोषणाच्या दृष्टीने ही भूमिका रास्त होती. परंतु मुसळाचा भार स्त्रियांच्याच खांद्यांवर पडत होता, हा प्रश्न तिने सुटत नव्हता. गिरणीकडे वळलेल्या स्त्रीस केवळ अविचारी ठरविणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

या पेचातून मार्ग काढला तो कामाच्या पुनर्विभागणीने. रबरी रुळांच्या यंत्रात दोन रूळ परस्परविरुद्ध दिशांना, भिन्न गतींनी फिरतात. त्या ओढीने तूस सुटते, कोंडा बव्हंशी दाण्यावरच राहतो. पुढे किती सडावयाचे, हे निराळे यंत्र ठरविते. म्हणजे भरडणे आणि सडणे ही क्रियापदे पुन्हा विभक्त झाली.

यावरून मराठी शब्दांनी यंत्र घडविले असे म्हणता येणार नाही. परंतु कष्टकऱ्यांच्या भाषेतील सूक्ष्म भेद हे बहुधा क्रियेतील खऱ्या भेदांची नोंद असतात, एवढे निश्चित. घिरट आणि उखळ घरांतून नाहीशी होत असता, त्यांचे शब्द क्रियांच्या वर्णनासह संगृहीत करणे हे आपल्या अभ्यासकांचे कर्तव्य होय.