चिनी शिकायला कोण कोण गेलं

आम्ही धावड्याच्या बाया बोलतोय, भोकरदन तालुका, जालना जिल्हा. मागच्या खेपेला आम्ही मिरचीच्या रोपांवर बोललो होतो. आज विषय जरा लांबचा आहे. पण तो आमच्या बचत गटाच्या बैठकीतच निघाला, म्हणून सांगतोय.

गटातल्या एका बाईची लेक बारावी झाली. तिला दिल्लीला जाऊन चिनी भाषेची पदवी करायची आहे. आईने बैठकीत कर्ज मागितलं, प्रवेश परीक्षेच्या आणि प्रवासाच्या खर्चाला. कर्ज कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "चिनी शिकायला." आम्ही आधी हसलो. मग बोलणं सुरू झालं. सीमेवर भांडण चालू आणि आपली पोरगी त्यांची भाषा शिकणार? तिकडे एकटी राहणार? नर्सिंग कर, डी.एड. कर म्हणावं. एक आजी म्हणाल्या, "अशी कुणाची पोर आजवर गेली का तिकडे? गेली असेल तर दाखवा." निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि गेलं कोण कोण, हे शोधायचं काम आमच्यातल्या तिघींवर आलं. ते शोधता शोधता जे हाती लागलं, ते हे.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात उलट बाजूने झाली. आपल्याकडून तिकडे कुणी शिकायला जाण्याआधी तिकडून इकडे शिकायला माणूस आला होता, तोही आपल्याच भागाच्या जवळ. ह्युएन त्संग हे नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. तो बौद्ध भिक्षू. सातव्या शतकात चीनमधून निघाला तेव्हा देशाबाहेर जायला बादशहाची बंदी होती. हा चोरून निघाला. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात पोचला, नालंदाच्या विद्यापीठात शीलभद्र नावाच्या वृद्ध आचार्यांपाशी काही वर्षं शिकला, मग देशभर फिरला. 645 साली परत गेला तेव्हा घोड्यांवर लादून 657 ग्रंथ नेले. उरलेलं आयुष्य त्याने ते ग्रंथ चिनी भाषेत आणण्यात घालवलं. म्हणजे परदेशी जाऊन शिकायचं, भाषा आत्मसात करायची आणि ते ज्ञान घरी आणायचं, ही वाट त्याने चालून दाखवली म्हणायची.

तो 641 च्या सुमाराला महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे चालुक्यांचा राजा दुसरा पुलकेशी होता. आपल्या लोकांबद्दल त्याने लिहिलंय ते ऐकून आम्हाला मजा वाटली. माणसं साधी, पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. संकटात कुणी मदत मागितली तर स्वतःचं भान विसरून धावतात. सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला कळवतात. इथवर आम्ही माना डोलावल्या. पुढे आहे की सेनापती लढाई हरून आला तर त्याला शिक्षा करत नसत, बाईचे कपडे देत. त्या लाजेने तो जीव द्यायचा. तेराशे-चौदाशे वर्षं झाली, लुगडं म्हणजे हार ही समजूत अजून गेली नाही. आमच्या बैठकीत यावर अर्धा तास गेला, तो इथे सांगत बसत नाही.

त्याच लिखाणात आहे की या राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात, एका अंधाऱ्या दरीत, खडकात कोरलेला मोठा विहार आहे. तो अचल नावाच्या भिक्षूने करवला आणि दाराशी दगडी हत्ती आहेत. हे वर्णन अजिंठ्याचं, असं अभ्यासक मानतात. सव्वीस नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात अचल हे नाव खरंच आहे, आणि सोळा नंबरच्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी दोन हत्ती आजही उभे आहेत. धावड्याहून अजिंठा काही लांब नाही. सहलीला आम्ही कितीदा गेलो, त्या हत्तींपाशी फोटो काढले. पण त्यांची नोंद एका चिनी पुस्तकात आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. 1819 साली इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि त्याला लेणी सापडली, एवढंच सांगतात. आपल्या भोकरदनचंही तसंच. जुनं नाव भोगवर्धन. तिथे उत्खननात हस्तिदंताची बाईची मूर्ती मिळाली, तिच्यासारखी दुसरी थेट इटलीत पाँपेई गावात निघाली. लांबची माणसं आपल्याला ओळखत होती, आपणच विसरलो.

आता आपल्याकडून कोण गेलं? पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पु. वि. बापट नावाचे प्राध्यापक होते, पाली भाषेचे मोठे जाणकार. त्यांची अडचण अशी की बौद्धांचे कितीतरी जुने ग्रंथ भारतात नष्ट झाले होते. मूळ गेलं, पण चिनी भाषांतर तिकडे जपून ठेवलेलं. 'विमुत्तिमग्ग' हा असाच एक ग्रंथ. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला तो चिनीत गेला आणि मूळ पाली पोथी पुढे हरवली. बापटांनी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन चिनी भाषेतून तो वाचला, 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाशी ताडून पाहिला आणि 1932 साली डॉक्टरेट मिळवली. आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे आपलं बियाणं आपल्याकडून संपलं आणि शेजारणीच्या कणगीत निघालं." अगदी तसंच.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट बऱ्याच जणींना माहीत असेल, व्ही. शांताराम यांच्या सिनेमामुळे. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा 1938 साली भारतातून पाच डॉक्टर मदतीला गेले. कोटणीस त्यातले, वय अठ्ठावीसच्या आत. वडील वारल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. पदवीसाठी नाही, पण भाषा अशी शिकले की चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शस्त्रक्रिया शिकवू लागले. गुओ छिंगलान नावाच्या नर्सशी 1941 साली लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला कोटणीस गेले, मूल अवघं काही महिन्यांचं. सिनेमा तिथे संपतो. आम्हाला मात्र गुओबाईंचं वाटलं. त्या 2012 पर्यंत जगल्या. तो मुलगा डॉक्टर होता होता, चोविसाव्या वर्षी वारला. तरी त्या भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. नवऱ्याचं स्मारक दोन्ही देशांत आहे. नातं सत्तर वर्षं जपलं ते मात्र या बाईने.

मग वसंत परांजपे. 1947 साली स्वतंत्र होणाऱ्या भारताने काही विद्यार्थी चीनला पाठवले, त्यात हे होते. पेकिंग विद्यापीठात चिनी शिकत असतानाच तिकडे यादवी युद्ध चालू होतं, आणि 1949 मध्ये राज्यच बदललं. तशात शिकायचं म्हणजे कसं असेल, विचार करा. पण 1954 च्या ऑक्टोबरात पंडित नेहरू चीनला गेले आणि माओंशी बोलले, तेव्हा दुभाषाच्या जागी परांजपे होते. पुढे ते राजदूत झाले. दोन देश काय बोलतात हे एका माणसाच्या जिभेवर अवलंबून होतं. शब्द चुकला असता तर?

1962 च्या युद्धानंतर हे येणं-जाणं पुष्कळ वर्षं तुटलं. आमच्या आजींची शंका तिथलीच आहे, ती खोटी नाही. अगदी अलीकडे करोनात चीनने सीमा बंद केल्या. तिकडे शिकणारी आपली पोरं 2022 पर्यंत घरी बसून मोबाइलवर तास करत होती. हे आम्ही पोरीच्या आईला स्पष्ट सांगितलं. आणि हेही, की तिकडे जायला मिळणं पदवीबरोबर आपोआप येत नाही. शिष्यवृत्तीसाठी निवड व्हावी लागते. शिक्षण इथेच होतं, दिल्लीच्या जेएनयूत किंवा शांतिनिकेतनला. तिथे 1937 पासून चीन भवन आहे. जेएनयूची फी कमी आहे, पण प्रवेश परीक्षा देशभराची.

आमच्या याद्या पाहून आजी म्हणाल्या, "सगळे बाप्येच की गं!" खरं आहे. भिक्षू, प्राध्यापक, डॉक्टर, राजदूत. बाई एकच, तीही तिकडून इकडे आलेली. आज विद्यापीठांत चिनी शिकणाऱ्या मुली आहेत. पण जुन्या गोष्टींत त्या नाहीत, याचं कारण मुलींना भाषा जमत नव्हती असं थोडंच आहे. त्यांना कुणी कर्ज दिलं नव्हतं.

पोरीलाही बैठकीत बोलावलं होतं. तिने मोबाइलवर शिकलेलं थोडं दाखवलं. चिनीत आपल्यासारखी बाराखडी नाही, शब्द चित्रासारख्या खुणांनी लिहायचे. वर्तमानपत्र वाचायला अशा दोन-तीन हजार खुणा पाठ लागतात. आवाजाचा चढ-उतार बदलला की अर्थ बदलतो. 'मा' सरळ लांबवलं तर आई, खाली नेऊन वर उचललं तर घोडा, एकदम आपटलं तर रागावणं. आम्ही सगळ्या 'मा, मा' करून पाहत होतो आणि बाहेर पोरं खिडकीतून हसत होती. तिने सांगितलं, चहा हा शब्द त्यांच्याच 'छा'वरून आला. लोणच्याची बरणी तर चिनी मातीचीच. आजींनी तिला विचारलं, "मग त्या अजिंठ्यावाल्याचं पुस्तक तू वाचशील?" ती म्हणाली, जुनी चिनी वेगळी असते, पाच-सहा वर्षं लागतील. आजी म्हणाल्या, "लागू दे. आल्यावर मला वाचून दाखव, बाईच्या कपड्यांचं खरंच लिहिलंय का ते."

कर्ज मंजूर झालं. दोघींचा विरोध होता, तोही वहीत लिहिला. कर्जाच्या वहीत कारणाचा रकाना असतो. वरच्या ओळींत शेळी, बियाणं, दवाखाना, बियाणं, पत्रे. त्याखाली सचिवबाईंनी 'चिनी भाषा' असं लिहिलं आणि आईचा अंगठा नको, सही घेतली. पहिला हप्ता मिरचीचे पैसे आल्यावर.