आल्टोनेन, युहानी
(जन्म : १२ डिसेंबर १९३५). मुक्त जॅझमधील ज्येष्ठ फिनिश सॅक्सोफोनवादक. मुख्य वाद्य टेनर सॅक्सोफोन. जोडीला धातूची पाश्चात्त्य बासरी. जन्म आग्नेय फिनलंडमधील कोउवोला या गावी. सॅक्सोफोन ते बव्हंशी आपला आपणच शिकले. बासरीसाठी मात्र त्यांनी हेलसिंकीची सिबेलियस अकादमी गाठली. काही काळ ते बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातही होते. पोटापाण्याचे साधन म्हणजे ध्वनिमुद्रण स्टुडिओंतील वादन. आज कोणाच्याही गाण्यामागे, उद्या वेगळ्याच शैलीत, असे ते काम. ‘तासावल्लान प्रेसिडेंटी’ या रॉक संघाच्या सुरुवातीच्या काळातही ते त्यात होते.

त्यांच्या कारकिर्दीला खरे वळण दिले ते ड्रमवादक एडवर्ड वेसाला (१९४५–९९) यांच्या सहवासाने. वेसाला ठरीव ठेका धरत नसत. लय कधी पातळ करत, कधी एकदम दाट. अशा वेळी सुरांचा धागा तुटू न देण्याची जबाबदारी सॅक्सोफोनवर येई. नॉर्वेचे बासवादक आरिल्ड आंदेर्सेन यांच्यासह या दोघांनी केलेली ‘नाना’ (१९७०) ही ध्वनिमुद्रिका या मेळाचा आरंभीचा नमुना होय. १९७३ मध्ये ‘हॉट लोट्टा’ या ध्वनिमुद्रिकेत जर्मन सॅक्सोफोनवादक पेटर ब्रॉट्झमान समोर आले. ब्रॉट्झमान यांचा सूर आघाताचा. आल्टोनेन तेवढ्याच जोराने फुंकतात, तरी त्यांच्या किंकाळीतही चाल ओळखू येते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते त्यांचे वेगळेपण नेमके इथे आहे.

स्वतःच्या नावाची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘एटिकेट’ १९७४ साली निघाली. त्याच वर्षी वेसालांच्या ‘नान मादोल’चे आणि १९७६ मध्ये आंदेर्सेन यांच्या ‘शिमरी’चे ध्वनिमुद्रण झाले. या दोन्हींमुळे ते फिनलंडबाहेर माहीत झाले. ‘शिमरी’तील वादन संयत, जवळजवळ लाजरे, ‘हॉट लोट्टा’ ऐकून आलेल्याला वादक तोच का, अशी शंका यावी. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘उमो’ या मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचे ते आरंभापासूनचे सदस्य. एरवी कागदाशिवाय वाजवणारा हा माणूस तिथे वर्षानुवर्षे लिहिलेल्या स्वरलिपीबरहुकूम वाजवत राहिला. स्टुडिओच्या सवयीचा इथे उपयोग झाला असावा.

हेलसिंकीच्या ग्रूव्ही क्लबमधील ‘प्राण’ (मुद्रण १९८१) मध्ये वेसालांबरोबर अमेरिकन बासवादक रेजी वर्कमन आहेत. पियानो नसल्याने सूर टेकवायला जागा नाही. आल्टोनेन यांना हीच मोकळीक विशेष मानवली. पुढे ‘मदर टंग’ (२००३) मध्ये त्यांनी बासवर उल्फ क्रोकफोर्स व ड्रमवर टॉम नेकल्यूदोव्ह यांच्यासह तीच पियानोविना मांडणी घेतली. ‘रिफ्लेक्शन्स’ (२००४) मध्ये वर्कमन पुन्हा आले, ड्रमवर अँड्र्यू सिरिल. या उत्तरकाळात संथ रचनांकडे त्यांचा ओढा वाढला. एकेक स्वर ते श्वास पुरेल तितका लांबवतात, त्याची कड फाटू लागली तरी सोडत नाहीत. ‘टू फ्यूचर मेमरीज’ (२०१३) या चौघांच्या मुद्रणात मात्र पियानो आहे, तो वेसालांच्या पत्नी इरो हार्ला यांच्या हातचा.