हृदयाचा कोणता भाग ओढतो?

श्रोतेहो, काळ्या रानात आठ बैलांचा नांगर चालताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातला एखादा बैल अंगचोर निघाला तरी तो मागे राहत नाही. जू त्याला ओढीत नेते. बांधावरून पाहणाऱ्याला वाटते, आठही राबताहेत! हृदयाच्या स्नायूचेही तसेच आहे. फरक इतकाच की, तिथला बैल अंगचोर नसतो, बिचारा उपाशी असतो.

अमेरिकेत क्लीव्हलंड येथे टेनंट आणि विगर्स यांनी १९३५ साली कुत्र्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बांधून पाहिली. मिनिटभरातच तेवढा भाग आकसायचे सोडून बाहेर फुगू लागला. शेजारचा भाग आपले काम करीतच होता. पण त्यासाठी छाती उघडावी लागली. माणसाची कशी उघडणार?

स्वीडनमधील लुंड गावी डॉ. एडलर आणि पदार्थवैज्ञानिक हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजबांधणीच्या कारखान्यातले एक यंत्र उसने घेतले. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने ते धातूतल्या चिरा शोधी. तसल्याच यंत्राने २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी हृदयाच्या हालचालीचा आलेख टिपला.

आता गंमत अशी, की स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय फसवते. वाहिनी बरीच अरुंद झाली तरी बसल्या जागी रक्त पुरते; घाट चढताना पुरत नाही. म्हणून माणसाला व्यायाम करायला लावून ध्वनिचित्रे घेण्याचा प्रयोग १९७९ साली झाला. ज्याला चालवत नाही, त्याच्या शिरेतून डोब्युटामाइन हे औषध सोडून हृदयाला पळवू लागले. डाव्या कप्प्याच्या भिंतीचे १६ भाग कल्पून प्रत्येकाकडे पाहायचे, असेही ठरले.

पाहायचे, पण कोणाच्या डोळ्यांनी? १९९६ साली पाच नामांकित केंद्रांना त्याच १५० तपासण्या दाखवल्या, तेव्हा त्यांचे एकमत पुष्कळदा झाले नाही. ज्याच्या छातीत कळ येते, त्याने कोणाचे ऐकावे?

डोळ्याला मापाची जोड हवी होती. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की सूर उतरतो. हे तत्त्व डॉप्लरने १८४२ मध्ये मांडले. रक्ताचा वेग त्याने मोजीतच होते. १९९२ साली एडिंबरोच्या संशोधकांनी ते स्नायूकडे वळवले.

परंतु वेग म्हणजे ओढ नव्हे. ओढत नेलेल्या बैलालाही वेग असतोच की! यावर १९९८ च्या सुमारास नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या मंडळींनी तोडगा काढला. स्नायूवरच्या दोन जवळच्या बिंदूंचे वेग घ्यायचे. दोन्ही सारखे, तर तो तुकडा नुसता फरफटतो आहे. वेगळे, तर तो स्वतः आकसतो आहे. मला तर साऱ्या हकिकतीत हीच युक्ती सर्वांत चतुर वाटते. २००३ साली फॉइग्ट आणि सहकाऱ्यांनी औषधाने पळवलेल्या हृदयावर ती लावली, तेव्हा आणखी एक खूण ठळक झाली: इतर भाग काम संपवून सैल पडले तरी उपाशी भाग मागाहून आकसत राहतो.

तरीही मापाने डोळ्याला निवृत्त केलेले नाही. हृदय धावू लागले, छाती भात्यासारखी हलू लागली, की आकडे चटकन बिघडतात. डाव्या कुशीवर वळा, श्वास क्षणभर रोखा, असे तपासणारा सांगतो, ते चित्र स्वच्छ मिळावे म्हणूनच.