नवरा तिकडे, बायको इकडे

आमच्या घराण्यात लग्नाच्या दोन तारखा लक्षात ठेवतात. एक अक्षता पडल्याची आणि दुसरी व्हिसाचा शिक्का बसल्याची. मधल्या काळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नवी नवरी माहेरी राहिली तर शेजारीण विचारते, "परत आली का गं?" सासरी राहिली तर जावा विचारतात, "अजून गेली नाहीस?" दोन्हीकडे चहा मिळतो, पण हक्काचं कपाट कुठेच मिळत नाही. मी हा लेख लिहितेय तो त्या मधल्या काळावर, आणि त्यातलं बरंचसं मला आजीच्या, आत्याच्या, मावशीच्या तोंडून ऐकायला मिळालेलं आहे.

आत्याचं लग्न १९७४ च्या वैशाखात सांगलीला झालं. नवरा न्यू जर्सीत इंजिनियर, हातात ग्रीन कार्ड. रजा संपली तसा तो निघून गेला, आणि तिकडून बायकोसाठी अर्ज भरला. सगळ्यांना वाटलं, आता दिवाळी तिकडेच. मग व्हिसा कचेरीकडून कागदांची यादी आली. लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला. पोलिसांचा मिळाला. बाकीच्या दोन दाखल्यांनी मात्र घाम फोडला.

लग्ननोंदणीचा कायदा आपल्याकडे १९५३ पासून होता, पण नोंदणी करायची असते हे ठाऊक असलेला माणूस आमच्या आळीत नव्हता. आजोबांचं म्हणणं असं, की चारशे पानं उठली, गावच्या आमदारापासून न्हाव्यापर्यंत सगळे जेवून गेले, आता आणखी पुरावा कसला? जन्माच्या दाखल्याची तऱ्हा वेगळीच. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, अंमल १ एप्रिल १९७० पासूनचा. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या कितीतरी लोकांकडे असतो तो फक्त शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावरची जन्मतारीख हेडमास्तरांच्या मर्जीची. आपल्याकडे एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले दिसतात ते उगीच नाही. आत्याही कागदोपत्री १ जूनचीच. आजीच्या हिशेबाने ती पौषातली.

आणि मग नाव. लग्नात जेवणाआधी ताटात तांदूळ पसरून नवरदेवाने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. पासपोर्ट त्या नव्या नावाने निघाला. शाळेचा दाखला मात्र माहेरच्या नावाचा, आणि लग्नपत्रिकेवरही 'चि. सौ. कां.' च्या पुढे तेच जुनं नाव. म्हणजे परदेशी अधिकाऱ्यापुढे ठेवलेल्या कागदांत एका बाईचा जन्म झाला होता, तिचंच लग्न झालं होतं, आणि विमानात बसायला निघाली होती भलतीच. वडील, आडनाव, नाव, सगळं वेगळं. त्याने कागद परत पाठवले यात मला तरी त्याचा दोष दिसत नाही.

फोटोंनीही दगा दिला. आत्या तो आल्बम अजून काढून दाखवते. कृष्णधवल फोटो, काळ्या जाड पुठ्ठ्यावर कोपऱ्यांत अडकवलेले, मध्ये बटरपेपर. एका फोटोत अंतरपाट आहे, नवरा-नवरी दोघंही त्याच्याआड. दुसऱ्यात मुंडावळ्यांमुळे नवरदेवाची फक्त हनुवटी दिसते. तिसऱ्यात सप्तपदी चालली आहे आणि नेमका एक मामा कॅमेऱ्यासमोर पाठ करून उभा. नवरा-बायको एकत्र ओळखू येतील असा फोटो एकच, आणि त्यात आत्याचे डोळे मिटलेले. "चारशे लोकांत लग्न लागलं," आत्या म्हणते, "पण माझं कुणाशी लागलं ते एकाही फोटोवरून सिद्ध होईना."

त्या दिवसांत आजोबा तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. आजोबा खादीवाले, त्यामुळे त्यांची प्रत्येक गोष्ट गांधींवर येऊन थांबे. पण ही गोष्ट खरोखरच आत्याच्या दुखण्यावरची होती. दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली हसन इसप नावाच्या माणसाची बायको, बाई मरियम, नवऱ्याकडे राहायला आली आणि तिला उतरू दिलं नाही. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेलं. १४ मार्च १९१३ ला न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांची मुभा आहे त्या धर्माच्या रिवाजाने लागलेलं लग्न इथला कायदा मानत नाही. एका फटक्यात तिथल्या बहुतेक सगळ्या हिंदू-मुसलमान बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत, कस्तुरबासुद्धा! तोवर तिकडच्या सत्याग्रहात बायका तुरुंगात गेल्या नव्हत्या. या निकालानंतर गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कस्तुरबा फिनिक्स आश्रमातून निघालेल्या तुकडीबरोबर ट्रान्सवालच्या हद्दीवर पकडल्या गेल्या आणि त्यांना तीन महिने सक्तमजुरी झाली. पुढे १९१४ च्या कायद्याने ही लग्नं मान्य झाली.

गोष्ट संपली की आजोबा म्हणत, "तुझ्याकडे तर फक्त दाखला मागितलाय, पोरी." आत्याला याचा अजिबात दिलासा वाटत नसे. तिला कस्तुरबा व्हायचं नव्हतं, न्यू जर्सीला जायचं होतं.

आजोबांनी तिला अमेरिकेचाच इतिहास सांगितला असता तर कदाचित जास्त पटलं असतं. आत्याच्या आधीच्या पिढीला तिथे असा अर्ज करायचीही सोय नव्हती. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून माणूस यायची दारंच बंद केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं. कॅलिफोर्नियात शेती करणारे पंजाबी तिकडेच अडकले, बायका इकडे गावी. त्यातल्या अनेकांनी इंपीरियल खोऱ्यात मेक्सिकन बायकांशी संसार थाटले, आणि पंजाबातल्या कितीतरी बायका नवऱ्याच्या पत्राची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं. सगळ्या हिंदुस्थानासाठी वर्षाला १०० माणसं! ३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, तेव्हा कुठे आत्याच्या नवऱ्यासारखे इंजिनियर आणि डॉक्टर जायला लागले. आणि त्याच कायद्यात एक भेद आहे जो आजही घराघरांत रडवतो. नवरा नागरिक असेल तर बायकोसाठी संख्येची मर्यादा नाही. नवऱ्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर बायको रांगेत.

आत्याचं काम शेवटी मार्गी लागलं ते तिच्या सासूमुळे. सासू चौथी शिकलेली, पण व्यवहारात पक्की. तिने लग्न लावणाऱ्या गुरुजींना गाठून स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. ग्रामपंचायतीतून जन्माची नोंद 'आढळून येत नाही' असा दाखला आणला. नसलेल्या नोंदीचाही दाखला मिळतो, याचं आजोबांना मरेपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं. नाव बदलल्याचं राजपत्रात छापून आणलं. लग्नाची उशिरा नोंदणी केली. त्यावर 'आत्ताच का केली?' असा प्रश्न येणार हे ओळखून सासूने नवऱ्याची सगळी एरोग्राम पत्रं तारखेवार लावून सुतळीने बांधली. पोस्टाच्या शिक्क्यांनी जे काम केलं ते चारशे पानांना जमलं नव्हतं. १९७६ मध्ये आत्या गेली.

विलायतेची गोष्ट याहून कडू आहे, आणि आमच्याकडे ती बायका-बायकांतच सांगितली जायची. आईची एक मावसबहीण लहानपणापासून लंडनला. १९७९ साली तिच्या घरी वर्तमानपत्र आलं ते तिच्या वडिलांनी मुलींपासून लपवून ठेवलं. त्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर एका पस्तिशीच्या हिंदी बाईची कौमार्यचाचणी झाली होती, आणि १ फेब्रुवारीला 'गार्डियन'ने ती बातमी छापली. कारण काय, तर तिकडे लग्न करायला येणाऱ्या वाग्दत्त वधूला आधी परवाना लागत नसे, बायकोला लागत असे. तेव्हा ही बाई आधीच कुणाची बायको तर नाही ना, हे डॉक्टरने तपासायचं! मोरारजी देसाईंच्या सरकारने निषेध केला, प्रकार बंद झाला. २०११ मध्ये तिथल्या सरकारी कागदांवरून उघड झालं, की सत्तरीच्या दशकात आपल्या उपखंडातल्या किमान ८० बायकांवर हे झालं होतं. मी या विषयावर थंड डोक्याने लिहू शकत नाही, म्हणून पुढे जाते.

त्या मावशीचं लग्न १९८४ मध्ये ठरवून झालं, कोल्हापूरच्या एका बँकेतल्या कारकुनाशी. आता परवाना नवऱ्याला हवा होता. तेव्हा तिकडे 'मुख्य हेतू'चा नियम होता. या लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, मुलाखतीत विचारलं, "लग्नानंतर कुठे राहायचं ठरलं होतं?" काका सरळ माणूस. म्हणाले, "लंडनला, तिचं घर तिथे आहे." झालं! नकार. खरं बोलला म्हणून अडकला. इकडेच राहायचं होतं म्हणाला असता, तर मग अर्ज कशाला, असा दुसरा सापळा तयार होताच.

याच काळात तीन बायकांनी, अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंदाली यांनी, स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ब्रिटनला हरवलं. परदेशी बायकोला येऊ देता आणि नवऱ्याला अडवता, हा लिंगभेद आहे, असा मे १९८५ चा निकाल. ब्रिटनने भेद मिटवला खरा, पण कसा? नवऱ्यांचे नियम सैल करण्याऐवजी बायकांनाही तेच नियम लावून! सरकारी डोकं कुठल्याही देशात एकाच साच्यातलं असतं असं आईचे वडील म्हणत, ते यावरूनच.

मावशीने अपील केलं. त्या अपिलांत हळूहळू एक गोष्ट न्यायाधीशांना पटू लागली होती, की लग्नानंतर दोघं कसं वागतात त्यावरून आधीचा हेतू कळतो. मावशी दर वर्षी रजा साठवून कोल्हापूरला आली. पत्रं, टेलिफोनची बिलं, विमानाच्या तिकिटांची अर्धुकं, सगळं जपलं. दुसऱ्या खेपेनंतर मुलगा झाला, त्याचाही दाखला जोडला. अपील जिंकलं. काका तिकडे गेले तेव्हा मुलगा चालत होता आणि बापाला ओळखत नव्हता. 'मुख्य हेतू'चा तो नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला. त्याची जागा पैशाने घेतली. २०१२ पासून जोडीदाराला आणायचं तर वर्षाला किमान १८,६०० पौंड कमाई लागे, एप्रिल २०२४ पासून २९,०००.

हे सगळं ऐकून अधिकाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. आजी घालत नसे. तिच्या माहेरगल्लीतल्या एका मुलीला परदेशी नवऱ्याने लग्न करून सोडून दिलं होतं, आणि त्याचा तिकडे आधीचा संसार होता हे दोन वर्षांनी कळलं. "तो साहेब जे प्रश्न विचारतो," आजी म्हणायची, "ते मुलीच्या बापाने बैठकीत विचारायला हवे होते. पगाराची चिठ्ठी मागायला लाज वाटते, आणि हुंड्याची यादी करताना वाटत नाही."

माझ्या भाचीचं प्रकरण अगदी अलीकडचं. नवऱ्याचं ग्रीन कार्ड, लग्न २०१९ चं, पुण्यात. मुलाखतीची वाट बघत असताना करोना आला, कचेऱ्या बंद झाल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये अध्यक्षांच्या हुकुमाने ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांचा प्रवेश थांबला. नागरिकांच्या बायकांना सूट होती. तोच जुना भेद. फेब्रुवारी २०२१ मध्ये हुकूम मागे घेतला गेला. पुढे मुलाखत झाली आणि तिच्या हातात कलम २२१(जी) चा कागद पडला. रात्री तिने संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहिली तर तिथे लिहिलेलं 'रिफ्यूज्ड'. घरात सुतक पडल्यासारखं झालं. तिची सासू तर नवस बोलून मोकळी.

खरं तर २२१(जी) म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी कमी आहे, ते आणून द्या, एवढंच. कायद्याच्या भाषेत तो नकार असतो म्हणून पडद्यावर तसं दिसतं. मागितलेला कागद वर्षाच्या आत दिला तर फाइल पुढे सरकते. वर्ष उलटू दिलं तर मात्र पुन्हा नव्याने सुरुवात. भाचीच्या फाइलीत कमी काय होतं? पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, पोलिसांच्या दाखल्यावर वडिलांचं. आत्याने न्यू जर्सीहून फोनवर हे ऐकलं आणि ती एवढी हसली की भाचीला राग आला. मग आत्यानेच तिला समजावलं, की मागितलंय तेवढंच दे, जाडजूड फाइल घेऊन जाऊ नकोस, आणि साहेबाला प्रेमकथा सांगू नकोस. भाचीने नवा दाखला काढला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, आणि व्हिसा आला.

तेव्हा लग्नाघरच्या मंडळींना माझं एक सांगणं आहे, नवरा परदेशी असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ ला सगळी लग्नं नोंदवा असं सांगितलं आहे, आणि महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी ९० दिवसांत करायची असते. ज्ञापनाच्या नमुन्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. नाव बदलायचं की नाही ते मुलीला ठरवू द्या, आणि जे ठरेल ते सगळ्या कागदांवर एकाच स्पेलिंगने लिहा. मुंडावळ्या बाजूला सारून दोघांचा एक सरळ फोटो काढून घ्या. आणि गुरुजी दक्षिणा घेऊन उठायच्या आत त्यांची सही घ्या. नंतर ते मुहूर्ताच्या गडबडीत वर्षभर सापडत नाहीत.