वाघर, लांडगा आणि बिनमालकाचा कुत्रा

पुण्याहून लोणी भापकरला जाणारी मंडळी बहुतेक करून मल्लिकार्जुनाचं यादवकालीन देऊळ, पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती बघायला जातात. जरूर जा, शनिवार सार्थकी लागेल. पण आज लिहायचंय ते देवळाबद्दल नाही. मोरगाव सोडलं की रस्त्यात हमखास आडवा येणारा मेंढ्यांचा कळप असतो ना, त्याबद्दल. आपण हॉर्न वाजवतो आणि पुढे जातो. पण रात्री या मेंढ्यांची राखण कशी होते, याचा इतिहास देवळाइतकाच वाचनीय आहे.

सुरुवात एका इंग्रज कर्नलपासून करू. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. दख्खनभर फिरून त्याने माणसं, पिकं, पक्षी, प्राणी सगळ्यांच्या नोंदी केल्या. १८३१ मध्ये त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. आपल्या लांडग्याला 'कॅनिस पॅलिपीस' हे शास्त्रीय नाव त्याच यादीत मिळालं. म्हणजे हिंदुस्थानी लांडग्याची शास्त्रीय ओळख आपल्या दख्खनच्या माळावरची आहे!

अर्थात धनगरांना तो आधीपासूनच माहीत होता. त्यांची जुनी पद्धत अशी: रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे दोऱ्यांच्या जाळीच्या कुंपणात कोंडायच्या. बाहेर कुत्री मोकळी. आणि जाळीला लागून माणसं झोपणार, तीही अर्धवट जागीच. वाघर या शब्दाचा वाघाशी संबंध नाही बरं का. मूळ संस्कृत 'वागुरा', म्हणजे शिकाऱ्याचं जाळं. धरण्यासाठी केलेलं जाळं धनगरांनी वाचवण्यासाठी वापरलं. आमच्या आयटीच्या भाषेत ही तीन थरांची सिक्युरिटी, आणि एकही थर ऑटोमॅटिक नाही. वाडा दर थोड्या दिवसांनी हलणार, त्यामुळे सगळं उचलून नेता येईल असंच हवं. त्यातून एखादी मेंढी गेली तर गेली.

इंग्रज सरकारला हे 'गेली तर गेली' मान्य नव्हतं. त्यांचा उपाय सरळ होता: लांडगा मारा, बक्षीस घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत देशभरात सुमारे २ लाख लांडगे मारले गेले. वाघांचा आकडा ८० हजारांच्या वर. आपण वाघांबद्दल हळहळतो, लांडग्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

याच काळात लांडग्याची जमीनही बदलत होती. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला. १८८५ मध्ये तो सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या दक्षिण पट्ट्यात पुढे ऊस आला. लोणी भापकरची बाजू कोरडीच राहिली. माळ उरला, म्हणून मेंढ्या उरल्या, म्हणून लांडगाही उरला. १९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालं, मुख्यतः चिंकारांसाठी. क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर. लांडग्याची एका रात्रीची चाल त्याहून मोठी असते.

१९७२ साल इथे महत्त्वाचं. त्या वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मारण्यावर बक्षीस देणारं सरकार वाचवणारं झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर शिकारी प्राण्यांना विष घालण्यावर बंदी आणली. तिथे मेंढ्यांचा शत्रू कोयोटी, आपल्या लांडग्याचा धाकटा भाऊ म्हणा. विष गेलं, आता काय? १९७० च्या दशकात रेमंड कॉपिंजर या शास्त्रज्ञाने युरोप आणि तुर्कस्तानातून राखणदार कुत्री आणून प्रयोग सुरू केले. सूत्र काय, तर पिल्लू लहानपणापासून मेंढ्यांमध्येच वाढवायचं, म्हणजे ते मेंढ्यांनाच आपलं कुटुंब समजतं. आपल्या धनगराला यात नवीन काय वाटणार! कुत्र्याला इथे देवाच्या दारातही मान आहे. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रेच म्हणवतात.

पण आज माळावर आणखी एक कुत्रा आहे, आणि त्याला मालकच नाही. ढाब्यांचं खरकटं, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, गावाबाहेरचा उकिरडा यांवर टोळ्या पोसल्या जातात आणि मेंढ्यांवर तुटून पडतात. लांडग्याने मेंढी मारली तर वनखात्याकडून पंचनामा होऊन नुकसानभरपाई मिळू शकते. भटक्या कुत्र्यांनी मारली तर? कुत्रा वन्यप्राणी नाही, त्यामुळे वनखात्याचा नियम लागू नाही. निर्बीजीकरणाचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नव्याने आले. जबाबदारी स्थानिक संस्थेची. पण शेकडो किलोमीटर फिरणाऱ्या धनगराची स्थानिक संस्था कुठली हो?

नुकसान लांडग्याचंही आहे. कुत्र्यांकडून त्याला रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग लागतात. वर पुण्याजवळच्या माळरानात लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा मिळाल्याचं संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. बक्षिसाच्या बंदुकीतून वाचलेला लांडगा आता कुत्र्यांत विरघळायच्या बेतात आहे.

मला यात एकच गोष्ट दिसते. राखण करणारा आणि फाडणारा, प्राणी एकच. फरक इतकाच, की पहिल्याला कोणीतरी आपल्या हातची भाकरी घातली आणि त्याची जबाबदारी घेतली. दुसऱ्याला आपण सगळ्यांनी मिळून खरकटं घातलं आणि जबाबदारी कोणीच घेतली नाही. सरकारने दीडशे वर्षांत आधी बंदूक वापरली, मग कायदा आणला. पण मेंढीसाठी रात्र जागायचं काम तेव्हाही धनगराचं होतं, आजही त्याचंच आहे. निदान कुत्र्याने मारलेल्या मेंढीचाही पंचनामा व्हावा आणि माळालगतच्या गावांत लसीकरण-निर्बीजीकरण नेमाने व्हावं, एवढं मागायला हरकत नसावी.

आणि आपण? देऊळ बघून परतताना उरलेली बिर्याणी माळावर भिरकावू नका. सोसायटीत नको झालेली पिल्लं गावाकडे 'मोकळ्या हवेत' सोडून येऊ नका. ती पिल्लं मोठी होतात, आणि मोठी झाल्यावर त्यांना भूकही मोठी लागते.