सहलीचा रविवार

मिरज आणि कवठे महांकाळ तालुक्यांच्या सीमेवर दंडोबाचा डोंगर आहे. पर्जन्यछायेच्या या मुलखात तेथील वनराई आणि डोंगरात कोरलेले शिवमंदिर पाहावयास कुटुंबे एका दिवसाच्या सहलीला येतात. झाडाखाली शिदोरी सोडावी, मुलांनी हुंदडावे, दिवेलागणीपूर्वी घरी परतावे, एवढाच हा आनंद. तो आपणांस सनातन वाटतो. परंतु त्याचा इतिहास फार जुना नाही.

पूर्वी सामान्य माणूस गाव सोडी तो बहुधा वारी-जत्रेच्या निमित्ताने. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली, तीही वारकऱ्यांच्या मोठ्या सोयीची ठरली. निव्वळ विसाव्यासाठी बाहेर पडण्यास दोन गोष्टी लागतात : स्वस्त वाहन आणि मोकळा दिवस. इंग्लंडात ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या बाप्तिस्त प्रचारकाने सुमारे पाचशे जणांना एका शिलिंगात लेस्टरहून लफबरोला मद्यनिषेध सभेसाठी नेले. स्वस्त सहलींच्या व्यवसायाची ती सुरुवात.

मोकळा दिवस मात्र झगडून मिळवावा लागला. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची हक्काची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्यांनी मांडले. २४ एप्रिल १८९० च्या विराट सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मागणी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली आणि पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात श्रमिकाच्या रविवारच्या विश्रांतीचा कैवार घेतला. आपण ज्याला प्रभूचा दिवस म्हणतो, तो येथील कामकऱ्याच्या हाती खंडोबाच्या भक्तांनी मिळवून दिला, हे आपण कृतज्ञतेने स्मरावे.

प्रभू येशूनेही थकलेल्या प्रेषितांना विसाव्यासाठी एकान्ती नेल्याचे संत मार्क सांगतो. म्हणून मिस्सानंतर सहलीस जाण्यात गैर काही नाही. मात्र आपली गाडी हाकणारा चालक, चहा देणारा पोऱ्या, द्राक्षबागेत रोजंदारीवर राबणारी बाई यांचा रविवार कोठे आहे? सहलीला निघण्यापूर्वी आपल्या घरी व शेतावर काम करणाऱ्यांना आपण आठवड्याची भरपगारी सुटी देतो काय, एवढे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.